तलावाकाठचे काँक्रीट झाकण्याआधी तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस ओसरला की आपल्याकडे बांधकामाचा हंगाम सुरू होतो आणि दसरा ते दिवाळी या दिवसांत लोणावळा, कर्जत, मुळशी, अलिबाग या भागांतील बंगल्यांचे आणि शेतघरांचे मालक दुरुस्तीसाठी गवंडी व ठेकेदार शोधू लागतात. त्या दुरुस्त्यांपैकी एका कामाबद्दल मला लिहायचे आहे. ते काम म्हणजे घरच्या पोहण्याच्या तलावाभोवतीचे काँक्रीट, ज्याला बांधकामावरची सगळी माणसे ‘डेक’ म्हणतात. चार महिन्यांच्या पावसानंतर हा डेक कुठे खचलेला, कुठे तडकलेला, कुठे शेवाळलेला दिसतो. मग ‘वरून एक थर मारून घेऊ’ असे ठरते. नवा थर दिवाळीच्या पाहुण्यांना देखणा दिसतो आणि पुढच्या श्रावणात त्याच जागी त्याच भेगा पुन्हा उमटतात. स्थापत्य अभियंता म्हणून ३१ वर्षे काम केल्यानंतर माझे ठाम मत झाले आहे, की घरगुती डेकवर होणाऱ्या दुरुस्तीचा मोठा भाग वाया जातो, कारण काँक्रीट का बिघडले हे पाहण्याआधीच ते झाकले जाते.

हे मी घरच्याच उदाहरणावरून सांगते. माझ्या धाकट्या भावाने अलिबाग तालुक्यात, समुद्रापासून साधारण एक किलोमीटरवर घर बांधले. मागच्या अंगणात आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल असा तलाव केला. त्यात सुमारे ४५ हजार लिटर पाणी मावते. तलावाच्या टाकीचे संकल्पचित्र रीतसर केलेले होते, सळई मोजून बांधली होती, काँक्रीट एम-३० दर्जाचे होते (‘एम’पुढचा आकडा काँक्रीटची ताकद सांगतो), आणि त्या टाकीतून आजवर पाण्याचा थेंब गळलेला नाही. डेकचा नकाशा मात्र कोणीही काढला नव्हता. अंगणाला फरशी घालावी तसे ते काम सर्वांत शेवटी, उरलेल्या पैशांत आणि मे महिन्याच्या घाईत उरकले गेले. पहिल्या पावसाळ्यानंतर तलावाच्या लांब बाजूला समांतर, काठापासून जवळजवळ एक मीटर अंतरावर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ भेग पडली आणि भेगेच्या आतली पट्टी तलावाकडे कलली. ठेकेदाराने दगडासारखी नक्षी उठवलेला पाच मिलिमीटरचा रंगीत थर वरून दिला. दुसऱ्या पावसाळ्यानंतर भेग त्याच रेषेत वर आली, कललेल्या भागात पाणी साचून शेवाळ धरले, आणि त्या शेवाळावर भावजयीच्या ७१ वर्षांच्या आईचा पाय घसरून मनगटाचे हाड मोडले. त्या दिवसापासून हा विषय माझ्यासाठी केवळ काँक्रीटचा राहिलेला नाही.

ती भेग काठापासून एक मीटरवरच का पडली, हे कळले की अर्धे निदान होते. तलावाचा खड्डा टाकीपेक्षा मोठा खणावा लागतो, कारण भिंतींच्या बाहेरच्या बाजूला फळ्या, टेकू आणि माणसे यांना जागा हवी असते. टाकी उभी राहिली की तिच्या भोवती मीटरभर रुंदीची आणि टाकीइतकी खोल पोकळी उरते. ती भरताना ट्रॅक्टरने एकदम माती ओतली, त्यात जांभ्याचे ढेप, विटांचे तुकडे, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या गेल्या आणि वरून दोन दिवस पाणी सोडले, तर भराव बसल्यासारखा दिसतो, पण बसत नाही. तो खरा बसतो पावसाळ्यात. डेकचा बाहेरचा भाग मूळच्या घट्ट जमिनीवर असतो, आतला भाग या सैल भरावावर असतो, आणि जिथे घट्ट जमीन संपून भराव सुरू होतो त्या रेषेवर काँक्रीट तुटते. अशा भेगेवर पाच मिलिमीटरचाच काय, पन्नास मिलिमीटरचा थर दिला तरी उपयोग नाही, कारण दोष काँक्रीटमध्ये नसून त्याच्या खालच्या मातीत आहे.

म्हणून नवा डेक करणाऱ्यांना माझे पहिले सांगणे मातीविषयी आहे. टाकी पाण्याने भरून तिची गळतीची चाचणी झाली, की मगच भोवतालचा भराव सुरू करावा. भरावाला चांगला मुरूम घ्यावा, तो १५० मिलिमीटरच्या थरांत पसरावा, बेताचे पाणी मारावे आणि प्रत्येक थर प्लेट कॉम्पॅक्टरने, तो मिळत नसेल तर जड धुम्मसने, बडवून मगच पुढचा थर टाकावा. दीड मीटर खोल भरावाचे असे दहा थर होतात. हे काम कंटाळवाणे आहे आणि पूर्ण झाल्यावर ते कोणाला दिसतही नाही, म्हणून मालकाने प्रत्येक थराचे छायाचित्र मागून घ्यावे. देशावर काळ्या मातीत बांधणाऱ्यांना याहून अधिक काळजी घ्यावी लागते. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तडकते. तिच्यावर थेट टाकलेला पातळ डेक दरवर्षी वर उचलला जातो आणि पुन्हा खाली बसतो. ती माती डेकच्या पूर्ण रुंदीत, आणि शक्य असेल तर त्याच्याही थोडी बाहेरपर्यंत, निदान दोन फूट खोल काढून मुरूम भरावा, असे मी नेहमी सुचवत आले. त्यावर दगडी सोलिंग म्हणजे दगडांचा रचलेला थर, सोलिंगमधल्या पोकळ्यांत बारीक खडी आणि मुरूम, आणि मग काँक्रीट. सोलिंगच्या दगडांमध्ये पोकळी राहिली, तर ओल्या काँक्रीटमधली सिमेंटची लगदी तिच्यात उतरते आणि वर नुसती खडी उरते.

आता काँक्रीटकडे वळते. भारतीय मानक आयएस ४५६ मध्ये किनारपट्टीची हवा, जोराचा पाऊस आणि आलटून-पालटून भिजणे-वाळणे या तिन्ही परिस्थिती ‘तीव्र’ वर्गात धरलेल्या आहेत. तलावाचा डेक अलिबागचा असो वा लोणावळ्याचा, यांपैकी निदान दोन गोष्टी त्याला लागू होतातच. या वर्गात सळई असलेल्या काँक्रीटसाठी किमान दर्जा एम-३०, घनमीटरला किमान ३२० किलो सिमेंट आणि पाणी-सिमेंट गुणोत्तर जास्तीत जास्त ०.४५ असे सांगितले आहे. सळई नसलेल्या काँक्रीटसाठी एम-२०, २५० किलो आणि ०.५० चालते. हे आकडे घरमालकाने पाठ करण्याची गरज नाही. एकच हिशेब लक्षात ठेवला तरी पुरे. ०.४५ गुणोत्तर म्हणजे ५० किलोच्या गोणीला साडेबावीस लिटर पाणी, आणि वाळू ओली असेल तर तिच्यातले पाणीही त्यातच धरायचे. गवंड्याला काँक्रीट पसरायला सोपे जावे म्हणून गोणीमागे पाच लिटर पाणी जास्त गेले, की गुणोत्तर ०.५५ वर जाते. ते जादा पाणी पुढे उडून जाते आणि त्याच्या जागी सूक्ष्म छिद्रे उरतात. त्याच छिद्रांतून नंतर क्षार, क्लोरीनचे पाणी आणि खारी हवा आत शिरते. काँक्रीट सैल हवेच असेल, तर त्यासाठी प्लॅस्टिसायझर मिळतो. पाइपचे पाणी हा त्यावरचा उपाय नव्हे.

भावाच्या तलावाभोवती दीड मीटर रुंदीचा डेक धरला तर क्षेत्रफळ होते ४५ चौरस मीटर, आणि १०० मिलिमीटर जाडीला काँक्रीट लागते साडेचार घनमीटर. एवढे काँक्रीट तयार मिश्रणाच्या एका गाडीत येते. घराच्या एकंदर खर्चात हा खर्च एवढा लहान आहे, की दर्जात केलेल्या काटकसरीचे समर्थन कसे करावे हेच मला कळत नाही.

कोकणात आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. खाडीची रेती स्वस्त आणि जवळ मिळते, पण तिच्यात मीठ असते. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी मचूळ असेल तर त्यातही क्षार असतात. मीठ सळईपर्यंत पोहोचले की सळई गंजते, गंज मूळच्या लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो आणि काँक्रीट आतून फुटते. सळईवरचे काँक्रीटचे आवरण तीव्र वर्गात ४५ मिलिमीटर असावे लागते. १०० मिलिमीटर जाडीच्या स्लॅबमध्ये वर आणि खाली ४५-४५ मिलिमीटर सोडले तर सळईला उरतात १० मिलिमीटर! प्रत्यक्षात कामगार जाळीवरून चालतात, ती सोलिंगवर टेकते आणि तिथेच काँक्रीटखाली गाडली जाते. मग तिचा ताकदीला उपयोग नाही आणि गंजायला मात्र ती मोकळी. समुद्राजवळच्या घरगुती डेकसाठी माझे मत असे आहे, की खालची जमीन खरोखरच पक्की केली असेल तर पातळ स्लॅबमध्ये सळई कोंबण्यापेक्षा १२५ मिलिमीटर जाडीचे बिनसळईचे काँक्रीट घ्यावे, त्यात पॉलिप्रॉपिलीनचे तंतू मिसळावेत आणि सांधे जवळ-जवळ ठेवावेत. हे तंतू ओल्या काँक्रीटवर पहिल्या काही तासांत पडणाऱ्या बारीक भेगा कमी करतात. ते सळईची जागा घेत नाहीत आणि खचलेली माती सावरून धरत नाहीत.

सांध्यांविषयी आपल्याकडे विलक्षण अनास्था आहे. काँक्रीट वाळताना आकसते आणि पुढे आयुष्यभर उन्हाने प्रसरण व गारव्याने आकुंचन पावत राहते. दहा मीटर लांबीच्या पट्टीत तापमान ३० अंशांनी बदलले, तर लांबी सुमारे तीन मिलिमीटरने बदलते. ही हालचाल कोणी थांबवू शकत नाही. ती कोणत्या रेषेवर व्हावी एवढेच आपल्या हातात असते. म्हणून १०० मिलिमीटर जाडीच्या डेकला दर अडीच मीटरवर, आणि पट्टी दीड मीटर रुंद असेल तर दोन-सव्वादोन मीटरवर, जाडीच्या चौथ्या भागाइतका म्हणजे २५ मिलिमीटर खोल काप घ्यावा लागतो. हा काप काँक्रीटच्या कडा तुटणार नाहीत इतके ते घट्ट होताच घ्यायचा असतो: उन्हाळ्यात त्याच दिवशी संध्याकाळी, थंडीत दुसऱ्या दिवशी सकाळी. आठवड्याने यंत्र आणून कापणाऱ्यांनी पाहावे, भेग तोवर स्वतःची वाट काढून गेलेली असते. तलावाच्या चारही कोपऱ्यांतून काप निघालाच पाहिजे, कारण आत वळलेला कोपरा ही भेग सुरू होण्याची ठरलेली जागा आहे.

याहून महत्त्वाचा सांधा म्हणजे तलावाची टाकी आणि डेक यांच्यामधला. टाकी पाण्याने भरलेली, खोल रुतलेली आणि जवळजवळ स्थिर असते. डेक पातळ, उन्हात तापणारा आणि जमिनीवर तरंगल्यासारखा असतो. दोन वेगळ्या स्वभावांच्या या बांधकामांना एकमेकांपासून पूर्ण जाडीत वेगळे ठेवावे लागते. काठाच्या दगडामागे दहा-बारा मिलिमीटरची मोकळी फट, तिच्यात दबणारी पट्टी, वर फोमची गोल दोरी आणि शेवटी पॉलियुरेथेनसारखे रबरी सीलंट, अशी ती रचना असते. आपले गवंडी ही फट सफाईदार दिसावी म्हणून पांढऱ्या सिमेंटने भरून टाकतात. पहिल्याच उन्हाळ्यात डेक फुगतो, काठाच्या दगडाला ढकलतो आणि तलावाच्या वरच्या रांगेतल्या टाइल्स सुटू लागतात. मग दोष टाइल बसवणाऱ्याला दिला जातो!

ढाळ तलावाकडे नसून बाहेरच्या बाजूला हवा, दर मीटरला निदान २० मिलिमीटर. दीड मीटरच्या डेकला काठापासून बाहेरच्या कडेपर्यंत ३० मिलिमीटर उतार होतो. तो चालताना जाणवत नाही आणि पाणी मात्र थांबत नाही. बाहेरच्या कडेला पन्हळ हवी आणि त्या पन्हळीतले पाणी आवारातून दूर नेऊन सोडायला हवे. डेकवरचे पाणी भेगांतून टाकीच्या भिंतीमागे मुरत राहिले, तर भराव तर खचतोच, शिवाय जमिनीतल्या पाण्याची पातळी टाकीच्या तळाच्या वर येते. अशा वेळी तलाव रिकामा केला, तर आतल्या पाण्याचे वजन नाहीसे होते आणि खालचे पाणी अख्ख्या टाकीला नावेसारखे वर उचलू शकते. डेकच्या दुरुस्तीसाठी पावसाळ्यात किंवा पाऊस संपताच घाईने तलाव उपसणाऱ्यांना मी हात जोडून सांगते, की आधी शेजारच्या विहिरीची पातळी पाहा.

पाणी मारण्याबद्दल सगळेच बोलतात आणि पुरेसे कोणी मारत नाही. मानकाप्रमाणे साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि मिश्र सिमेंटला किंवा उष्ण, कोरड्या हवेत किमान दहा दिवस काँक्रीट ओले राहायला हवे. आज दुकानात मिळणाऱ्या बहुतेक गोण्या फ्लाय अ‍ॅश मिसळलेल्या पीपीसी सिमेंटच्या असतात, त्यामुळे दहा दिवसांच्या खाली जाण्याचा प्रश्नच येत नाही; मी तर चौदा दिवस धरते. ओले राहणे म्हणजे सकाळ-संध्याकाळ पाइप फिरवणे नव्हे. उताराच्या डेकवर आळी करून पाणी टिकत नाही, म्हणून गोणपाट अंथरून ते सतत भिजते ठेवावे आणि वर प्लॅस्टिक टाकावे. भावाच्या घरी टँकरचे पाणी महाग म्हणून तीन दिवसांत हे थांबले. शेजारच्या तलावात ४५ हजार लिटर पाणी भरायचेच होते. ते आधी मागवले असते तर त्यातल्या थोडक्याच पाण्यात डेक पोसला गेला असता.

पृष्ठभागाबद्दल थोडक्यात लिहिते. गुळगुळीत घोटलेला कोबा, पॉलिश केलेला कोटा किंवा चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल ओल्या अनवाणी पायांसाठी धोक्याची आहे. जर्मनीच्या डीआयएन ५१०९७ या मानकात अनवाणी ओल्या जागांसाठी ए, बी, सी असे वर्ग आहेत आणि तलावाभोवतीच्या पट्टीला बी वर्ग लागतो. टाइलच घ्यायची असेल तर दुकानदाराकडे तो दाखला मागावा. काँक्रीटवर मात्र साधा ब्रश ओढून उठवलेल्या रेषा सर्वांत खात्रीच्या आणि फुकटच्या आहेत. ब्रश उताराच्या दिशेने ओढावा, म्हणजे पाणी रेषांतून वाहून जाते. वर पाणी तरंगत असताना घोटू नये आणि ते शोषायला कोरडे सिमेंट भुरभुरू नये, कारण नेमका तोच पापुद्रा पुढे पोपडे होऊन निघतो. रंग फिकट ठेवावा. काळा कडप्पा आणि गडद रंगाचे काँक्रीट एप्रिलच्या दुपारी मुलांचे तळपाय भाजते.

आता ज्यांचा डेक आधीच झालेला आणि बिघडलेला आहे, त्यांच्याविषयी. कोणत्याही थराचा नमुना पाहण्याआधी एक सकाळ तपासणीला द्यावी. लहान हातोडीने वीतभर अंतरावर ठोकत जावे. खणखणीत आवाज येतो तिथे काँक्रीट धड आहे, बद्द येतो तिथे वरचा थर सुटलेला आहे किंवा खाली पोकळी आहे. बादलीभर पाणी ओतून ते कुठे जाते, कुठे थांबते हे पाहावे. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी आणि भेगेवर प्लास्टरची पातळ पट्टी ओढावी. महिन्या-दोन महिन्यांत पट्टी तडकली तर भेग अजून हालते आहे. भेगेच्या एका बाजूची पातळी दुसरीपेक्षा खाली असेल, तर प्रश्न मातीचा आहे हे निश्चित समजावे. पाइप गळून माती वाहून जात नाही ना, हेही पाहायला हवे. त्यासाठी तलावाच्या पायरीवर बादली ठेवून तिच्यात तलावाइतक्याच पातळीचे पाणी भरावे आणि २४ तासांनी दोन्हींची घट मोजावी. बाष्पीभवन दोन्हींकडे सारखेच होते, त्यामुळे तलावाची पातळी बादलीपेक्षा जास्त उतरली तर कुठेतरी गळती आहे.

खचलेला भाग झाकू नये, तो तोडावा. तेवढीच पट्टी यंत्राने सरळ कापून काढावी, खालचा भराव उकरून थरांत पुन्हा भरावा आणि नवे काँक्रीट टाकावे. हालणारी भेग खडीने, सिमेंटने किंवा इपॉक्सीने भरू नये. ती रुंद करून तिचा रीतसर सांधा करावा आणि त्यात लवचीक सीलंट भरावे. सळई गंजून काँक्रीट फुटले असेल, तर गंजलेल्या सळईच्या मागेपर्यंत उकरावे लागते, नाहीतर वरचा नवा तुकडा दोन वर्षांत ढकलला जातो. जमीन पक्की, ढाळ बरोबर आणि काँक्रीट आतून धड असेल, नुसता वरचा पापुद्रा झिजला किंवा डागाळला असेल, तरच नव्या थराचा विचार योग्य ठरतो. तिथे तो खरोखर चांगला उपाय आहे. मी नव्या थराच्या विरोधात नाही.

पण तो थर टिकण्याचे सारे रहस्य जुन्या पृष्ठभागाच्या तयारीत आहे. जुना रंग, सीलर, तेलकट डाग, शेवाळ आणि सुटा पापुद्रा ग्राइंडरने किंवा टाचे मारून पूर्ण काढावा लागतो आणि मग जोरदार दाबाच्या पाण्याने धूळ धुवावी लागते. तयारीसाठी अ‍ॅसिड ओतण्याची पद्धत मला अजिबात पसंत नाही. ते नीट धुतले गेले नाही तर छिद्रांत राहून नव्या थराची पकड तोडते, आणि तलावात गेले तर पाण्याचे गणित बिघडवते. जुने काँक्रीट आदल्या दिवसापासून भिजवावे, पण थर देताना वर पाणी चमकता कामा नये. कोरडे काँक्रीट नव्या थरातले पाणी ओढून घेते आणि साचलेले पाणी पकड होऊ देत नाही. मग एसबीआर लॅटेक्स (पकड वाढवणारे रबरी द्रव्य) आणि सिमेंट यांची लगदी ब्रशने घासून लावावी आणि ती ओली असतानाच तिच्यावर थर द्यावा. लगदी वाळली तर तीच दोन थरांमधला पडदा होते. सुतारकामाच्या पांढऱ्या डिंकासारखी पीव्हीए द्रव्ये इथे वापरू नयेत, कारण सतत ओलाव्यात ती पुन्हा मऊ होतात. पॉलिमर मिसळलेला सहा-सात मिलिमीटरचा थर पुरतो. सिमेंट काँक्रीटचाच थर द्यायचा असेल तर तो ५० मिलिमीटरच्या आसपास हवा, आणि मग काठाचा दगड व घराचा उंबरठा यांच्या पातळ्या आधीच मोजाव्या लागतात. खालचा प्रत्येक सांधा वरच्या थरात त्याच रेषेवर आला पाहिजे. एका कोपऱ्यात मीटरभर नमुना करून आठ-पंधरा दिवसांनी हातोडीने ठोकून पाहावा आणि मगच उरलेले काम सोपवावे.

इपॉक्सीचे चकचकीत लेप उघड्यावर पिवळे पडतात, जमिनीतली वाफ अडवून फोड आणतात आणि ओले झाले की निसरडे होतात. संरक्षणच द्यायचे असेल तर काँक्रीटमध्ये मुरणारे, वर पापुद्रा न धरणारे सिलेन-सिलॉक्सेन प्रकारचे द्रव्य द्यावे. मिठापासून क्लोरीन तयार करणारी यंत्रे आता घरोघरी बसत आहेत. त्या तलावांत लिटरला साधारण तीन-चार ग्रॅम मीठ असते. समुद्राच्या मानाने ते पुष्कळच कमी, पण डेकवर उडालेले पाणी वाळते आणि मीठ छिद्रांतच राहते. आठवड्यातून एकदा डेक गोड्या पाण्याने धुतला तर पुष्कळ नुकसान टळते. पाण्याचा सामू (पीएच) उतरवायला वापरतात त्या हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचे कॅन डेकवर ठेवूच नयेत.

डेक उघडलेला असतानाच विजेचे काम तपासून घ्यावे, कारण नंतर ते अशक्य होते. डेकमध्ये जाळी असेल तर ती, शिडी, कठडा आणि पंपाची धातूची अंगे एकमेकांना व अर्थिंगला जोडलेली हवीत. पाण्यातले दिवे १२ व्होल्टचे हवेत. काठापासून दोन मीटरच्या आत साधा प्लग नसावा. आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच प्रवाह तोडणारा स्विच, चालू स्थितीत हवा. हे काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यावे.

तलाव असलेली अनेक शेतघरे आता शनिवार-रविवारी भाड्याने दिली जातात. तिथे दर आठवड्याला नवी मुले धावतात, आणि कोणता कोपरा निसरडा आहे हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नसते. म्हणून माझी वास्तुविशारदांना विनंती आहे, की तलावाच्या नकाशात डेकचाही उभा छेद काढा: भराव, सोलिंग, जाडी, सांधे, ढाळ आणि पन्हळ यांसह. मालकांना विनंती आहे, की ठेकेदाराच्या कागदावर ‘डेक चौरस फुटाला अमुक दर’ एवढ्यावर सही करू नका. भरावाच्या थरांची जाडी, काँक्रीटचा दर्जा, काप किती तासांत घेणार आणि पाणी किती दिवस मारणार, हे लिहून घ्या. दुरुस्तीच्या बाबतीत खालचा दोष काय आढळला, हेही लेखी मागा. आपल्या दैनिकाने वास्तूविषयक पानावर ही माहिती दिवाळीपूर्वी दिली, तर या हंगामातल्या काही कामांना तरी तिचा उपयोग होईल.

भावाच्या घरची एक मीटरची ती पट्टी आम्ही दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात तोडली. खालून सिमेंटच्या अकरा गोण्यांचे कागद, फळ्यांचे तुकडे आणि हात शिरेल एवढी पोकळी निघाली. मुरूम थरांत भरून घेतला, १२५ मिलिमीटरचे काँक्रीट टाकले, तलावाच्या काठाशी सांधा मोकळा ठेवला, ढाळ फिरवून बाहेर पन्हळीकडे घेतला आणि चौदा दिवस गोणपाट ओले ठेवले. त्यानंतर दोन पावसाळे झाले आहेत. काँक्रीटला भेग नाही, पाणी थांबत नाही, आणि भावजयीच्या आई पुन्हा संध्याकाळी तलावाच्या कडेने फेऱ्या घालतात. पूर्वेकडच्या सांध्यातले सीलंट यंदा दोन ठिकाणी सुटलेले दिसले. ते काढून नवे भरायचे काम या आठवड्यात करायचे आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता,
अलिबाग, जि. रायगड